अकरा ते तीन

आमची आई समुद्रासमोरच्या बड्या इमारतीत भाड्याने दिले जाणारे फ्लॅट साफ करते. बावीस वर्षं झाली. पाहुणे सकाळी अकराला निघतात, नवे दुपारी तीनला येतात. मधल्या चार तासांत आधीच्या माणसाचा मागमूस राहता कामा नये. नव्या पाहुण्याला वाटलं पाहिजे, की या गादीवर जन्मात कुणी झोपलंच नाही. मॅनेजरबाई खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकतात आणि आई फरशी घासत असते. तिथलं न्हाणीघर आमच्या अख्ख्या घराहून मोठं. "पाय पसरून रडायला बरं आहे," असं ती म्हणायची.

बाबा त्याच किनाऱ्यावरच्या यॉटवर खलाशी होते. नावाला खलाशी हो, खरं काम पुसायचं. पाहुण्यांचं ओलं पाऊल पडलं की मागून यांचं फडकं! हंगामात महिनोन् महिने घरी नसायचे. लहानपणी तेव्हा मी त्यांचा न धुतलेला शर्ट पोटाशी घेऊन झोपायचे. डिझेल, घाम आणि स्वस्तातला दाढीचा साबण. आई ओरडायची, "शी! टाक तो धुवायला!" मी कसली टाकतेय.

गेल्या महिन्यात बाबा गेले. दोन महिने घरीच अंथरुणाला खिळून होते. आदल्या दिवशी दवाखान्यात हलवलं आणि सकाळी सगळं संपलं. मी दुसऱ्या शहरात नोकरीला. आईचा फोन आला. "उद्या सकाळी त्यांना ताब्यात देणार म्हणतात. मी घरी जातेय. तू कधी पोचतेस?"

"तीनपर्यंत," मी म्हटलं.

बसमध्ये पाच तास मी एकच घोकत होते. घरी त्यांनी अंगावरून काढलेला शर्ट असेल, उशी असेल. त्यात नाक खुपसून एकदाच पोटभर रडेन. दुसरं काही नको होतं मला, देवाशपथ.

दार उघडलं तर फिनेलचा भपकारा. खाटेवर ताणून बसवलेली कोरी चादर. शर्ट, टॉवेल, उशीचे अभ्रे, सगळं दोरीवर ठिबकत होतं. औषधं, कंगवा, दाढीचं सामान, जुन्या चपला कचऱ्याच्या गाडीतून गेलेल्या. टेबलावर ग्लास पालथा घातलेला आणि शेजारी घडी केलेला नॅपकिन.

"आई, हे काय करून बसलीस?"

"तू तीनला येणार होतीस ना," ती म्हणाली. हातात फडकं तसंच होतं.

माझा तोल गेला. काय काय बोलले ते आठवलं तरी लाज वाटते. तुला माणूस कळतो की नुसती गादीच कळते, असंही म्हणाले. एरवी एकाला दोन ऐकवणारी बाई, पण तिने हातातलं फडकं घडी करून ठेवलं. "मला काही सुचेना गं," म्हणाली, "हातांनी आपलं सुरूच केलं." मग तोंडात पदर कोंबून रडली. मला तिची कीव आली आणि तरी राग जाईना.

थोड्या वेळाने तिने बॅटरी घेतली आणि गुडघ्यांवर बसली. खाटेखाली, गादीच्या शिवणीत, मोरीच्या जाळीत शोधायला लागली.

"एखादा केस तरी राहिला असेल. थांब, देते तुला शोधून."

मीही वाकले. दिवस मावळेपर्यंत दोघींनी अख्खं घर चाळलं. काही म्हणजे काही सापडलं नाही. माझ्या आईचं काम चोख असतं.