दसरा काढला आणि सात नंबर गेला

“मावशी, सात नंबरची ट्यूब कुठंय?” मॅडमनी फ्रिजचं दार धरूनच विचारलं.

“आहे की. दहाच्या दहा आहेत. बघा कशा लखलखतायत!”

लखलखत होत्याच. दुसऱ्या दिवशी घटस्थापना. आमच्याकडं घट बसायच्या आधी दसरा काढतात, म्हणजे गोधडीपासून चमच्यापर्यंत घरातलं सगळं धुऊन-पुसून घेतात. माझ्या घरचा झाला होता, पण हात शिवशिवत होते. उमरग्याच्या कॉलेजात बायोटेकच्या लॅबला मी अटेंडंट. म्हटलं, इथला फ्रिजही काढावा. ट्यूबांवर मार्करचे काळे फराटे दिसले, ते स्पिरिटच्या बोळ्यानं पुसले. स्टँड नळाखाली धुतला. ट्यूबा परत लावल्या, घरात डबे लावतो तशा. जास्त भरलेली आधी, कमी भरलेली शेवटी.

ते फराटे म्हणजे नंबर होते.

मॅडम स्टुलावर बसल्या. “मावशी, दोन वर्षं,” एवढंच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

काम काय होतं ते सांगते. शाळा माझी सातवीपर्यंत, पण काचेची भांडी घासताना कान उघडे होते. शेंगदाण्याला बुरशी लागते, ती विष सोडते. त्या विषाला चिकटणारं प्रोटीन मॅडमना हवं होतं. पुढं त्याची पट्टी करायची, आडतीवर दाण्याच्या अर्कात बुडवली की माल कसा ते कळावं. आता चिकटणारं प्रोटीन सापडेल हो, पण ते परत करायचं तर त्याची कृती पाहिजे. ती असते डीएनएत. नुसत्या प्रोटीनकडं बघून ती सहजी कळत न्हाय. जेवणावळीत ठेचा लई आवडला, पण केला कुणी, मिरच्या किती, हे ठेचा सांगतो का?

म्हणून फेज. हा एक विषाणू. माणसाला काही करत न्हाय, जंतूंना तेवढा धरतो. त्याच्या डीएनएत एक छोटी कृती घालायची. मग तिचं प्रोटीन तो स्वतःच्या अंगावर मिरवतो. पोटात कृती, अंगावर पदार्थ! असे कोट्यवधी फेज, बहुतेकांचा पदार्थ वेगळा. विषाचा थर दिलेल्या प्लेटमध्ये ते ओतायचे आणि धुवायचे. चिकटून राहतील ते जंतूंत वाढवायचे, परत ओतायचे. असं करत दहा निवडले होते. सात नंबर सगळ्यात घट्ट. त्याची कृती वाचायला तो पुण्याला जायचा होता, आणि पंधरा दिवसांवर पैसे देणाऱ्यांची कमिटी तपासायला येणार होती. हातात काही नसलं तर प्रोजेक्ट बंद.

तेवढ्यात विभागप्रमुख सर आले. “अय्यो! कुणी केलं हे?”

“म्या.”

“तुम्हाला सांगितलं कुणी?”

“दसरा काढायला सांगावं लागतं व्हय, सर?”

सरांनी कपाळाला हात लावला. मी मात्र मनात एकच गोष्ट घोळवत होते. भीत भीत म्हणाले, “मॅडम, तुम्हीच म्हणता ना, कृती त्याच्या पोटात असते? मग म्या पुसलं ते बाहेरचं. पोटातलं कुठं पुसलंय?”

मॅडमनी मान वर केली. सरांकडं बघितलं, मग माझ्याकडं. “नंबर आपण दिलेला होता, सर. चिकटणं त्याचं स्वतःचं आहे. दहाही परत विषावर घालू. जो घट्ट बसेल तोच सात.”

घट बसले त्या दिवशी मी उपवासाची भगर घेऊन लॅबला गेले. मॅडमनी प्लेटच्या दहा खळग्यांत दहा फेज घातले, धुतले, वर रंग येणारं औषध टाकलं. जिथं फेज जास्त चिकटलेले, तिथं रंग गडद. नऊ खळगे फिकट राहिले. एक हळदीसारखा पिवळा.

“सापडला!” मॅडम ओरडल्या. तो माझ्या रांगेत चौथा होता. पहिला नंबर तर एका अगदीच निकामी गड्याला दिला होता मी.

पुण्याहून कृती आली, सगळी अक्षरं जागेवर. कमिटी आली, प्रोजेक्ट चालू राहिला. जाताना त्यांनी वहीत शेरा लिहिला, ‘प्रयोगशाळेची स्वच्छता उल्लेखनीय.’ सरांनी त्या पानाची फ्रेम केली आणि बरोब्बर फ्रिजच्या वर टांगली.

त्याच्या खाली, फ्रिजच्या दारावर, मॅडमनी आपल्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली, ‘मावशी, दसरा इथपर्यंतच.’

दरवर्षी ती चिठ्ठी मी पुसते. कोरड्या फडक्यानं.