उन्हात ठेवलेले बूट

बूट मी बरोबर निवडले होते. हे आधीच सांगून टाकते, कारण माझं धावणं का सुटलं हे सांगायला लागले की लोक पहिल्यांदा तेच विचारतात. साइझ चुकला असेल. पाय सपाट असतील. दुकानदारानं गळ्यात मारले असतील. तसलं काही नव्हतं, आणि म्हणूनच मला अजून चीड येते. निवड चुकली असती तर निदान तिच्या नावानं खडे फोडता आले असते.

दोन हजार चार-पाचची गोष्ट. बाबा बँकेत अधिकारी. सांगलीहून इंदूर, इंदूरहून जयपूर, असं आमचं बिऱ्हाड दर तीन-चार वर्षांनी ट्रकमध्ये चढायचं. जयपुरात आम्ही दुर्गापुऱ्यात भाड्यानं राहत होतो. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि लांब पल्ल्याचं धावत होते. त्या वर्षी विद्यापीठाच्या क्रॉस कंट्रीच्या निवडीत मी सातवी आले. संघात सहाजणी जातात. सातवीला नुसतं 'शाबास' मिळतं आणि ती घरी येते. पुढचं वर्ष माझं कॉलेजचं शेवटचं होतं, म्हणजे संधीही शेवटची. त्या सहांत शिरायचं, एवढी एकच गोष्ट मला मनापासून हवी होती. अभ्यासात मी यथातथाच होते.

तोवर मी पीटीचे कॅनव्हासचे बूट घालूनच धावत होते. ती निवड आटोपल्यावर कॉलेजचे कोच म्हणाले, "बेटा, पहले ये जूते बदल." मग त्यांनी बूट कसे घ्यायचे ते सांगितलं. संध्याकाळी जायचं, कारण दिवसभरात पाय फुगतो. धावताना घालतो तेच मोजे घालून जायचं. अंगठ्यापुढे बोटभर जागा राहिली पाहिजे. बूट हातात धरून वाकवायचा, तो बोटांपाशी वाकला पाहिजे, मधेच मोडला तर ठेवून द्यायचा. आणि टाचेखालचा फोम अंगठ्यानं दाबायचा, तो दबून परत वर आला पाहिजे. मी सगळं वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं.

बाबांची वस्तू निवडायची पद्धत वेगळी होती. ती किती वर्षं टिकेल, एवढंच ते बघायचे. आमच्या घरी सगळं टिकायचं. मिक्सर वयानं माझ्याहून मोठा होता. प्रत्येक वस्तूचं खोकं माळ्यावर जपलेलं, कारण बदलीची ऑर्डर आली की वस्तू त्याच खोक्यात परत जायची. तीन गावं झाली पण एक कप फुटला नाही, हे बाबा आल्यागेल्याला सांगायचे. आई म्हणायची, "माझं तेवढं खोकं मिळालेलं नाही यांना."

दुकानात बाबांनी पहिला प्रश्न तोच केला. "भैया, टिकेगा कितना?" दुकानदारानं माणूस ओळखला. जाड तळाचा पांढरा जोड पुढे सरकवून म्हणाला, "भाईसाहब, ये तो बिटिया की शादी तक चलेगा." बाबा खूश. मी तो घालून बघितला. पायात विटा बांधल्यासारखं झालं. दुसरा एक राखाडी जोड होता, हलका, पातळ तळाचा. तो घालून मी दुकानासमोर चार फेऱ्या मारल्या. बोटभर जागा होती. टाच दाबली, ती दबली आणि वर आली. पायात काही आहे असं वाटतच नव्हतं. मी बाबांकडे बघितलं. आता भाषण ऐकावं लागणार, अशी माझी खात्री होती.

बाबांनी राखाडी बूट उलटा केला, तळाला नख लावून बघितलं, तोंड वाकडं केलं. मग म्हणाले, "धावायचं तुला आहे. हाच घे. टिकवायचं माझ्याकडे लागलं."

माझ्यासाठी बाबांनी स्वतःचा नियम मोडला तो पहिल्यांदाच. येताना स्कूटरवर त्यांच्या मागे बसून मी रडले. हेल्मेटमुळे त्यांना कळलं नाही.

त्यानंतरचे सहा-सात महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते, हे आता लिहितानाही बरं वाटतं. पहाटे मी दुर्गापुऱ्यातून निघून गोपालपुरा बायपासपर्यंत जायचे आणि परत यायचे. कोचिंग क्लासची मुलं टपरीवर चहाचा ग्लास आणि वही एकाच हातात धरून पाठांतर करत उभी असायची. कोणाचंच माझ्याकडे लक्ष नसायचं, ते मला फार आवडायचं. रविवारी लांबचा पल्ला. ऑगस्टमध्ये आदल्या वर्षी पाचवी आलेल्या मुलीला मी सरावात दोनदा मागे टाकलं.

आणि रविवारी मी धावून आले की बाबा बूट धुवायचे. जुना टूथब्रश, कोमट पाण्यात कपड्यांची पावडर. नाड्या वेगळ्या, आतला तळवा वेगळा. मग बूट गच्चीवर, पाण्याच्या टाकीजवळ. जयपूरच्या मे-जूनमध्ये त्या गच्चीवर अनवाणी पाऊल टेकवता यायचं नाही, आईचे पापड तिथे दुपारपर्यंत खडखडीत व्हायचे. बूट संध्याकाळपर्यंत तिथे असायचे. दिवस कलला की बाबा ते खाली आणायचे, नाकाशी धरायचे आणि म्हणायचे, "बघ, जरा तरी वास येतोय?" बाकीच्या मुलींचे बूट मातीच्या रंगाचे झाले होते. माझे कोरे करकरीत. कुणी विचारलं, "नए लिए क्या?" तर मी मान ताठ करून सांगायचे, "नहीं, बाबा धोते हैं." मलाही ते मिरवायला आवडत होतं, हे लपवून उपयोग नाही.

सप्टेंबरात कोचनी सगळ्यांना सांगितलं की रोज धावणाऱ्यानं सहा-सात महिन्यांनी बूट बदलावेत. वरून चांगले दिसतात, पण आतला फोम मेलेला असतो. मी घरी सांगितलं. बाबांनी बूट आणून माझ्यापुढे उलटे धरले.

"बघ की. नख बुडेल एवढंसुद्धा झिजलेलं नाही. तुझ्या सरांना म्हणावं, आमच्यात चांगली वस्तू टाकत नाहीत."

मला ते पटलं. अंगठ्यानं एकदा टाच दाबून बघितली असती तर पुढचं सगळं टळलं असतं. पण ते सगळं बूट घेताना करायचं असतं, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. घेऊन झाल्यावर कोण कशाला बघतंय.

दिवाळीच्या आधी उजवी नडगी दुखायला लागली. आधी धावून आल्यावर, मग धावताना, मग जिना उतरतानाही. मी क्रेप बँडेज घट्ट बांधून त्यावर मोजा चढवायचे. कोचना सांगितलं नाही, कारण त्यांनी मला बसवलं असतं. आईच्या ते लक्षात आलं होतं. "अति तिथं माती होते गं," ती म्हणाली, आणि मी तिच्यावर खेकसले.

निवड डिसेंबरात झाली. कच्च्या रस्त्यावर चार फेऱ्या होत्या. बाबा अर्ध्या दिवसाची रजा काढून चहाचा थर्मास घेऊन आले होते. दोन फेऱ्या मी चौथी होते. तिसऱ्या फेरीत वळणावर नडगीच्या आत काहीतरी चिरत गेलं. मी थांबले नाही. एक मुलगी पुढे गेली, मग दुसरी, मग तिसरी. सातवी झाले तेव्हा मी मोठ्यानं रडत होते आणि लंगडत पळत होते. मग आणखी एकजण पुढे गेली आणि माझ्यानं पाय टेकवेना. मी रस्त्याच्या कडेला बसले.

कोच आले, त्यांच्यामागून बाबा आले. कोचनी माझा बूट काढला आणि त्यांच्या सवयीनं टाच दाबली. ती दबली नाही. त्यांनी दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. मग तो माझ्या हातात दिला. मीही दाबून बघितलं. पाटाची फळी दाबावी तसं होतं ते. वरून बूट इतका स्वच्छ होता की दुकानात परत ठेवता आला असता.

कोचनी बाबांना विचारलं, "सर, इनको धूप में सुखाते थे क्या?"

बाबांचा चेहरा उजळला. इतक्या वाईट वेळीसुद्धा उजळला. "हर संडे. सुबह से शाम तक. एक भी संडे छोड़ा नहीं," ते म्हणाले.

कोच माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बहुत सँभाल के रखे हैं, सर," आणि बूट माझ्या मांडीवर ठेवला.

हाडाला बारीक चीर पडली होती. गुडघ्याखाली प्लास्टर घातलं. घरी आल्यावर बाबांनी आईला सांगितलं की बूट कसे ठेवलेत ते कोचनीसुद्धा बघितलं, चूक बुटांची नाही, पोरीला कॅल्शियम कमी पडतंय. ते दूध आणायला बाहेर गेले आणि आई माझ्यापाशी येऊन बसली. "खरं काय आहे?" तिनं विचारलं. मी सांगितलं. मतलब, सगळंच सांगितलं. जूनच्या उन्हात फोम दर रविवारी थोडा थोडा वाळून गेला आणि मी महिनोन् महिने लाकडावर पाय आपटत होते.

आईनं माझ्या प्लास्टरखालची उशी सारखी केली. मग म्हणाली, "त्यांना सांगू नकोस. तुझ्याशी त्यांना धड चार शब्द बोलता येत नाहीत. तुझ्यासाठी तेवढं एकच करता येत होतं."

"आणि माझं काय?" मी विचारलं. आई उठून कुकर लावायला गेली.

त्या दिवसांत मला बाबांचा इतका राग यायचा की दुसऱ्या खोलीत ते नुसते खोकले तरी मी दात आवळायचे. आईचा राग यायचा, कोचचा यायचा, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा. त्या रागाचं काही करता येण्यासारखं नव्हतं. एप्रिलमध्ये परीक्षा झाली की मी विद्यापीठाची विद्यार्थिनी राहणार नव्हते. पाय बरा होणार होता, डॉक्टर तसं हसत हसत म्हणाले होते. सहाजणींची गाडी माझ्याविना गेली आणि परत आली. कितव्या आल्या ते मी विचारलं नाही.

प्लास्टर घातल्यानंतरचा दुसरा रविवार. मी खाटेवर पाय उंचावर ठेवून पडले होते. बाबा समोरून गेले, हातात धुतलेले बूट, नाड्या खांद्यावर. "पाय बरा होईस्तोवर दमट राहायला नकोत," ते म्हणाले. "पुढच्या निवडीला हेच घालायचेत."

पुढची निवड नव्हती. ते विसरले होते की त्यांना ते मानायचं नव्हतं, मला अजूनही सांगता येत नाही. माझ्या जिभेवर सगळं तयार होतं.

"बाबा," मी हाक मारली.

ते जिन्यात थांबले. "काय गं?"

"टाकीच्या पलीकडे ठेवा," मी म्हणाले. "तिथं सावली लवकर येत नाही."

"बरं," ते म्हणाले, आणि खुशीत वर गेले.