मुखवटा आणि मातृभोजन

कवड्यांचे डोळे, रानडुकराचे सुळे आणि हनुवटीखाली वाळल्या गवताची लांबच लांब दाढी... शिकागोच्या संग्रहालयातल्या त्या मंद, पिवळट दालनात न्यू गिनीचा तो मुखवटा माझ्याकडे रोखून पाहत होता. बाहेर बर्फ पडत होता. ओल्या लोकरी कोटांचा कुबट वास सगळीकडे भरून राहिला होता. काचेखालची माहिती वाचून बाबा आम्हाला मराठीत सांगत होते – मुलगे जाणते होऊ लागले की मुखवटे घातलेले पुरुष त्यांना आईपासून दूर नेतात, अंगावर जखमांची नक्षी कोरतात, आणि लढवय्या होऊन परतलेला मुलगा आईला ओळखसुद्धा दाखवत नाही.

"म्हणजे आपली मुंजच की!" बाबा हसत म्हणाले.

दादाची मुंज येत्या मे महिन्यात होती. तो आठ वर्षांचा, मी सहा.

बाबांचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. पण घरी, नेपरव्हिलला परतताना ट्रेनमध्ये मला जी धास्ती बसली, ती बर्फ वितळला तरी जाईना. पुण्याहून आलेल्या पार्सलातून नव्या रेशमाचा, अत्तराचा, हळकुंडांचा वास घरभर पसरला, आई गुणगुणत लाडू वळू लागली, आणि मी मात्र दाराची बेल वाजली की मुखवटेवाले दादाला न्यायला आले असं वाटून दचकत असे. दादाला सांगितलं, तर तो व्हिडिओ गेममधून मान वर न करता म्हणाला, "रिलॅक्स, सई. इट्स जस्ट अ हेअरकट."

मुंजीच्या सकाळी बाबांनी गॅरेजमध्ये त्याच्या डोक्यावरून मशीन फिरवलं. शेंडीखालचा तो मुलगा मला ओळखूच येईना. मग मंदिराच्या हॉलमध्ये मातृभोजन – वाफाळता भात, साजूक तूप, लिंबाची फोड, आणि आईच्या ताटातला शेवटचा घास.

"यापुढे आईच्या ताटात जेवायचं नाही हं," गुरुजी म्हणाले. सगळे हसले, आणि माझा धीर सुटला. मी दादाचं मनगट घट्ट धरलं. "खाऊ नकोस, दादा! तू आईला विसरशील!"

हसणं थांबलं. आईचे डोळे भरून आले, पण तिचा हात तसाच पुढे राहिला. दादानं माझ्याकडे पाहिलं... तोही घाबरला होता, मला स्वच्छ दिसलं. मग त्यानं तोंड उघडलं.

दादा आईला मुळीच विसरला नाही. इतक्या वर्षांनंतरही नोकरीच्या गावाहून, अ‍ॅशबर्नहून, दर रविवारी तिला फोन करतो, आणि त्या घासाचा फोटो अजून आईच्या दिवाणखान्यात आहे. आईच्या त्याच ताटातून लहानपणी मीही जेवत असे. कधी थांबले? माझ्या शेवटच्या घासाला ना गुरुजी होते, ना कॅमेरा.

परवा आईला विचारलं. खूप वेळ आठवत बसली... तिलाही आठवेना.