बंद लायब्ररीतल्या सह्या

हे नवऱ्याला माहीत नाही. आईला सांगेन सांगेन म्हणत राहिले, ती गेली. आणि जिला सांगायला हवं होतं, तिला तर सगळंच माहीत आहे — मग उरलात तुम्ही. ऐका.

मी मुलुंडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. सुलभा माझी सहायक — मालवणची, माझ्याच वयाची, तोंडाने फटकळ. काउंटरवर तिची एक वही असायची. पोरं काय घेऊन गेली ते सगळेच लिहितात हो. सुलभा लिहायची काय मिळालं नाही ते. कुणी कुठलं पुस्तक मागितलं आणि हात हलवत परत गेलं — रोज, न चुकता. महिनाअखेरीला ती वही माझ्यासमोर आपटायची, "घे, ही आपली लायकी!" त्यावरूनच आम्ही नवी पुस्तकं मागवायचो. लायब्ररीचं खरं मूल्यांकन म्हणाल तर तेवढंच होतं.

मग कॉलेजच्या मूल्यांकनाला समिती येणार ठरलं. दाराजवळचं, येणाऱ्याने सही करायचं रजिस्टर अर्धं कोरं — पोरं कुठली सही करायला थांबतात? प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "आकडे दिसू देत, बाकी मी बघतो," म्हणाले. सुलभाला मी काही बोलले नाही, तिने मला फाडून खाल्लं असतं. रजिस्टर पिशवीत घालून घरी नेलं. दोन रविवार जेवणाच्या टेबलावर बसून, चार-पाच पेनं घेऊन सह्या केल्या. डाव्या हातानेसुद्धा. लाज वाटत होती का? खरं सांगू? — मजा येत होती.

समिती लायब्ररीत आली, प्राचार्यही सोबत. त्यातल्या एका बाईंनी रजिस्टरचं एक पान उघडलं आणि शेजारी माझीच दुसरी फाइल ठेवली. पुस्तकांची निगा कशी राखतो ते दाखवायला मी त्यात हौसेने पेस्ट कंट्रोलची नोटीस लावली होती. वाळवीमुळे त्या दिवशी लायब्ररीला कुलूप होतं. आणि रजिस्टरमध्ये त्याच तारखेला — पानभर सह्या. वाट लागली!

मी प्राचार्यांकडे पाहिलं. बाकी मी बघतो, म्हणाले होते ना? त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि सगळ्यांदेखत मलाच विचारलं, "मॅडम, हा काय प्रकार आहे?" केसाने गळा कापला हो माझा! आजही तो साळसूद आवाज आठवला की अंगाची आग होते.

आणि मी — मी काय केलं?

"रजिस्टर सुलभा बघते," म्हणाले.

वाक्य खोटं नव्हतं. रजिस्टर तीच बघायची. सुलभा काउंटरमागे उभी होती. माझ्याकडे बघत राहिली — मी पुढे काहीतरी बोलेन म्हणून. मी फाइलची नाडी बांधत बसले. सोडली, पुन्हा बांधली. तिच्या हाताखालीच ती वही होती. उघडून दाखवली असती, तर तिचं अक्षर सगळ्यांना दिसलं असतं — त्या सह्यांतल्या एकीशीही न जुळणारं. तिने उघडली नाही. मला वाचवलं, की माझी किळस आली? मला अजून कळलेलं नाही.

तिला मेमो मिळाला. मग बदली — परीक्षा विभागाच्या गोदामात, जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधायला. मी प्राचार्यांना मनातल्या मनात दगाबाज म्हणत राहिले, वर्षानुवर्षं. सुलभा गोदामात मला काय म्हणत असेल, हा विचार आला की दुसरं काम काढायचे.

गेल्या महिन्यात ती निवृत्त झाली. निरोपाच्या कार्यक्रमात पेढे वाटत माझ्यापर्यंत आली, आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"वही लिवतंस मा गो?"

"हो, रोज," मी म्हणाले.

वही माझ्या खणात आहे. शेवटची नोंद तिच्याच अक्षरात, समिती आली त्या सकाळची. पुढची पानं कोरी.

तिने माझ्या हातावर पेढा ठेवला. मी खाल्ला.