बाराव्या दिवसाची कोलांटउडी

“आधी थांबून दाखव. उडी काय, बेडूकपण मारतो.”

सुलक्षणा मेस्त्री हे वाक्य पहिल्या दिवशी प्रत्येक पोराला ऐकवायची. पोरं खिदळायची. काचेपलीकडे बसलेले आईबाप मात्र खिदळायचे नाहीत. त्यांनी आपलं पोर थांबायला पाठवलेलं नसायचं.

थांबणं म्हणजे काय, असं तिला कुणी विचारलं असतं तर तिने तासभर सांगितलं असतं. ट्रॅम्पोलिनची ताणलेली जाळी माणसाला वर फेकते, त्यात माणसाचं कर्तृत्व शून्य. कर्तृत्व असतं ते खाली येताना. पाय खांद्याइतके फाकलेले, हात पुढे, नजर समोरच्या कडेवर, आणि जाळी पायांना लागली की गुडघे सैल सोडून तिचा सगळा जोर मांड्यांत पिऊन टाकायचा. मधल्या लाल फुलीवर उतरायचं आणि तिथेच उभं राहायचं. तिने टाळी वाजवली की पुढची उडी नाही. दहापैकी दहा वेळा. नऊ वेळा थांबणाऱ्या पोराला ती पुढचं काहीही शिकवत नसे. मग गुडघे छातीशी घेऊन उडी, मग अर्धी गिरकी, मग बैठी उडी, म्हणजे जाळीवर बसतंच उतरायचं: पाय सरळ, तळवे कमरेशी, बोटं पायांकडे, कोपरं किंचित वाकलेली. हात मागे ताठ टेकणाऱ्या पोराला ती खाली उतरवायची आणि जमिनीवर बसवून तेच वीस वेळा करून घ्यायची. पोर रडलं तरी.

आधी चौदा वर्षं घाटकोपरच्या शाळेत आणि व्यायामशाळेत, मग पाच वर्षं मुलुंडच्या एका जुन्या औद्योगिक वसाहतीतल्या या उंच छताच्या गाळ्यात. एकोणीस वर्षांत तिच्या हाताखाली एकाही पोराचं हाड मोडलं नव्हतं. आता ही गोष्ट सांगायची कुणाला? जे झालंच नाही त्याचा फोटो निघत नाही. वाचलेल्या मनगटाला प्लास्टर नसतं की त्यावर मित्रांनी सह्या कराव्यात.

हे तिला घरातूनच ठाऊक होतं. तिचे वडील धाकू मेस्त्री परळच्या गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचे. तुटलेला धागा जोडायचा तर ते आधी साचा बंद करत. शेजारचा गडी चालत्या साच्यात हात घालायचा आणि जास्त कापड काढायचा, म्हणून खात्याचा मुकादम, जॉबर, धाकूला चारचौघांत ‘म्हातारी’ म्हणायचा. पुढे त्या गड्याची तीन बोटं गेली तेव्हा सगळं खातं हळहळलं. दहाची दहा बोटं घेऊन रोज घरी येणाऱ्या धाकूला शाबास कुणीच म्हटलं नाही. “चलत्या साच्यात हात घालूचो नाय, बाय,” ते लेकीला म्हणायचे, “कोण काय म्हणतत ता म्हणांदेत.”

एप्रिलमध्ये गाळ्याबाहेर नवा बोर्ड लागला. ‘१२ दिवसांत समरसॉल्ट! प्रमाणपत्रासह.’ बोर्ड लावणारा देवेश हॉलचा मॅनेजर. तिशीतला, सुलक्षणाच्याच गल्लीत वाढलेला, तिला ताई म्हणणारा.

“देवेश, हे कुणाला विचारून लिहिलंस?”

“ताई, बोर्डावर लिहायचंच असतं. ‘बारा दिवसांत थांबायला शिका’ असं लिहिलं तर कोण येईल? रिक्षावाले?”

“बारा दिवसांत माणसाची पोळी गोल होत नाही रे.”

“तुमची होत नसेल,” देवेश म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर मनापासून हसला.

तिने तेव्हाच निघून जायला हवं होतं. ती गेली नाही. तिला वाटलं, बोर्ड काय, बोर्डच. आईबाप बघतील, पोर बैठी उडी मारून फुलीवर थांबतंय, त्यांना कळेल. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, आणि अजून तिला वाटत होतं की लोकांना बघून कळतं.

सतरा पोरांच्या त्या बॅचमध्ये ऋतिका नावाची एक नऊ वर्षांची मुलगी होती. तिची आई दीप्ती विम्याच्या ऑफिसात अधिकारी. वाईट बाई नव्हे. उलट भिंतीवरचे सगळे नियम शेवटपर्यंत वाचणारी ती एकटीच. रोज वेळेच्या पाच मिनिटं आधी हजर, मुलीच्या घट्ट दोन वेण्या, कानातले काढून डबीत, आणि हातात एक छोटी वही. त्या वहीत रोज काय शिकवलं ते लिहिलेलं असे आणि पुढे बरोबरची खूण.

सातव्या दिवशी दीप्ती वही घेऊन पुढे आली. “मिस, पोर्शन किती राहिलाय?”

“कसला पोर्शन?”

“म्हणजे, बारापैकी सात झाले. आणि आपण अजून बैठ्या उडीवरच अडकलोय.”

“तुम्ही पण अडकलाय का? चढा वर, बघू.”

बाजूचे एक बाबा फसकन हसले. दीप्ती हसली नाही. “तसं नाही हो. जूनमध्ये नव्या शाळेत तिची फाइल द्यायचीय. ॲक्टिव्हिटीचं सर्टिफिकेट लागतं. शेजारच्या अनयचं स्केटिंग पूर्ण झालं पण.”

स्केटिंग पूर्ण झालं! सुलक्षणाच्या डोक्यात ते दोन शब्द दिवसभर खडखडत राहिले. या लोकांनी पाढे पूर्ण केले, इतिहास पूर्ण केला, संस्कृत शंभरपैकी अठ्ठ्याण्णव घेऊन पूर्ण केलं आणि दुसऱ्या दिवशी विसरून गेले. काही बिघडलं नाही. आता पोराची मानही त्यांना एका धड्याएवढी वाटते. मे महिना संपायच्या आत तो उरकायचा, नाहीतर पुढच्या इयत्तेत त्रास. जाळीला इयत्ता कळत नाही. कमरेच्या मणक्याला रिव्हिजन नसते.

दहाव्या दिवशी तिने पोरांना जाड गादीवर साधी कोलांटी घ्यायला लावली. जाळीवर नव्हे, गादीवर. हनुवटी छातीला, पाठ गोल, हळू. ऋतिका चार वेळा बाजूला कलंडली. पाचव्या वेळी ती उठलीच नाही, गादीवर बसून राहिली. सुलक्षणा शेजारी टेकली.

“काय झालं गं?”

“मिस, डोकं खाली गेलं ना, की मी कुठेय ते मला कळतच नाही.”

“का? काय दिसतं तेव्हा?”

“काहीच नाही.” मुलीने आजूबाजूला पाहिलं. “मी डोळे मिटते. मम्मीला नका सांगू.”

“नाही सांगत. आणि ऐक, डोळे उघडे राहायला लागेपर्यंत तुला कुणी उलटं करणार नाही. महिना लागो, वर्ष लागो.”

“नक्की ना?”

“नक्की.”

बारावा दिवस शनिवार. संध्याकाळी पाच वाजता आईबापांसाठी कार्यक्रम. चार वाजता देवेशने तिला कोपऱ्यात घेतलं. तिने कोलांटउडी शिकवली नाही हे त्याला माहीत होतं, पण त्याने त्यावर तोड काढली होती.

“ताई, सोप्पं आहे. पोरगं उडी मारेल, तुम्ही कमरेला धरायचं, हवेत फिरवायचं, खाली ठेवायचं. दोन सेकंद. फोटो निघाला, आईबाप खूश, विषय संपला. सुरुवात ऋतिकापासून. हलकी आहे.”

“ती घाबरते. मध्येच अंग सोडलं तर मानेवर येईल.”

“तुम्ही आहात ना धरायला.”

“मी आहे म्हणूनच नाही म्हणतेय. कमरेचा पट्टा नाही, पडायला फोमचा खड्डा नाही, मुलीची तयारी नाही. फिरवायला ती काय जात्याचा खुंटा आहे?”

“ताई, वाट लावाल माझी.”

“तुझी लागू दे. तिची नको.”

पाचला खुर्च्या भरल्या. एकेक पोर वर चढलं, तीन उड्या, बैठी उडी, पुन्हा पायांवर, टाळी, आणि फुलीवर स्तब्ध. सतराच्या सतरा पोरं थांबली. टाळ्या मात्र सोसायटीच्या मीटिंगमध्ये वाजतात तशा. ऋतिका शेवटची. तिची बैठी उडी इतकी नेटकी झाली, बोटं पायांकडे, कोपरं सैल, की सुलक्षणाने नकळत स्वतःच्या कोपरांकडे पाहिलं. मुलगी फुलीवर थांबली, हसली, खाली उतरली.

“झालं?” दीप्ती फोन धरून उभीच होती. “हे तर तिला गेल्या आठवड्यातच येत होतं.”

देवेशने माइक उचलला. “नाही नाही, अभी बाकी है! आता फायनल. ऋतिका, कम ऑन बेटा, परत वर! मॅडम धरणार नसतील तर मी धरतो.” तो बूट काढू लागला. आयुष्यात ट्रॅम्पोलिनवर तो एकदाच चढला होता, बल्ब बदलायला.

ऋतिका हलली नाही. तिने सुलक्षणाकडे पाहिलं.

“जा ना गं,” दीप्ती म्हणाली. “दोन सेकंदांचं काम आहे.”

तेव्हा सुलक्षणाचा आवाज चढला. “दोन सेकंदांचं? मग पडायला किती लागतात ते पण सांगा ना! बारा दिवस घाम गाळून ही पोरं शरीर सांभाळायला शिकली, ते तुम्हाला दिसलं नाही. तुम्हाला पोर उलटं हवंय. गोणी उलटी करतात तसं. फोटोत छान दिसतं म्हणून!”

“मॅडम, पब्लिकसमोर नको,” देवेश म्हणाला आणि अनवाणी पुढे आला.

मग तिने जे केलं ते तिने ठरवलेलं नव्हतं. ती जाळीवर चढली आणि लाल फुलीवर मांडी घालून बसली. जाळीवर एका वेळी एकच माणूस, हे तिथे येणाऱ्या बालवाडीतल्या पोरांनाही पाठ होतं. दोघं असले की जड माणसाचा जोर हलक्याला कुठेही भिरकावतो. ती बसली होती तोवर दुसऱ्या कुणाला उडता येणार नव्हतं.

“उतरा, ताई.”

ती बसून राहिली.

“काय पोरखेळ आहे हा!” मागून कुणीतरी म्हणालं. “मॅनेजर, उचला त्यांना!” कुणी व्हिडिओ घेऊ लागलं. व्यायामशाळेत वाढलेली बाई, सतरा पोरांसमोर सत्याग्रहाला बसल्यासारखी बसली होती, आणि खालची जाळी तिच्या श्वासाबरोबर हलत होती. तिला लाज वाटत होती. पण उठायचं नव्हतं.

“मम्मी,” ऋतिका म्हणाली. आवाज लहान होता, तरी हॉलमध्ये पोचला. “मी डोळे मिटते.”

“काय?”

“डोकं खाली गेलं की मी डोळे मिटते. मला भीती वाटते.”

दीप्तीचा फोन खाली आला. “मग आधी का नाही सांगितलंस?”

“पोर्शन राहिला असता ना.”

दीप्ती वाकली, मुलीचे बूट शोधले, लेस बांधली. उठली तेव्हा ती जाळीकडे वळली. डोळे ओले होते, राग मात्र तसाच. “तुम्हाला माहीत होतं, मिस. तुम्ही मला सांगायला हवं होतं.”

सुलक्षणाने शब्द मुलीला दिला होता, हे खरं. आणि बाई बोलतेय तेही खरं.

मायलेकी गेल्या. मागोमाग बाकीच्यांनीही पिशव्या आवरल्या, पोरांना हाका मारल्या. एका बाबांनी आपल्या मुलाला विचारलं, “तू पण मिटतोस का रे?” पोराने मान हलवली, हो की नाही, ते लांबून कळलं नाही. दहा मिनिटांत सतरापैकी एकही पोर हॉलमध्ये उरलं नाही.

मगच सुलक्षणा खाली उतरली. पायांना मुंग्या आल्या होत्या.

देवेश टेबलापाशी उभा होता. समोर सतरा छापील प्रमाणपत्रं, प्रत्येकावर ‘समरसॉल्ट यशस्वीरीत्या पूर्ण’, खाली प्रशिक्षकाच्या सहीसाठी रेघ.

“झालं ते झालं, ताई,” तो म्हणाला, आवाज पुन्हा गल्लीतल्या पोरासारखा. “लोक सोमवारी सर्टिफिकेट मागायला येणारच. ती ऋतिकाची आईसुद्धा येईल, बघा तुम्ही. निदान सह्या तरी करून जा.” त्याने पेनाचं टोपण काढलं आणि पेन तिच्यापुढे धरलं.

सुलक्षणाने सगळ्यात वरचा कागद उचलला, नाव वाचलं, परत ठेवला. ओढणी खांद्यावर नीट केली. पेन तसंच पुढे धरून देवेश उभा राहिला, आणि ती त्याच्या बाजूने दाराबाहेर निघून गेली.