दुसरी पोळी

"मॅडम, आपके आखाजी का रेट क्या है?"

फोनवर नागपूरच्या कुठल्याशा कंपनीचे मॅनेजर होते. मी म्हटलं, "आखाजी सण आहे हो. वैशाखात येतो. फुकट असतो." त्यांना वाटलं मी भाव वाढवायला बघते आहे. म्हणाले, मॅडम, सवलत किती द्याल ते सांगा.

मी योगिता. बुऱ्हाणपुरात शनवारा दरवाज्याजवळ 'जोडणी' नावाची घराघरांत इंटरनेट पोचवणारी कंपनी आहे, तिच्या तक्रारींचा फोन मी उचलते. माझा स्वभाव तापट आहे असं लोक म्हणतात. लोकांनी आठवडाभर दुसऱ्यांच्या वायरीपायी शिव्या खाऊन बघाव्यात, मग बोलावं. ही कंपनी ज्योत्स्नाताईंची. त्या दिवशी नागपूरचा फोन आला, मग भोपाळचा आला, मग सुरतेचा. सगळ्यांना आखाजी विकत हवी होती. आणि याला कारण ताईंची इंदूरच्या एका मासिकात छापून आलेली मुलाखत.

ती मुलाखत घ्यायला ललित नावाचा एक तरुण आला होता. मराठी घरातला, पण इंदुरात वाढलेला. गोड मुलगा, फक्त समोरचा काय बोलतो याच्यापेक्षा आपण पुढे काय विचारायचं याच्याकडे लक्ष जास्त. त्यानं विचारलं, "माणसं टिकवण्यासाठी तुम्ही काय वापरता?"

ताई म्हणाल्या, "आखाजी."

"ते स्वतः बनवलंय?"

"नाही रे, आमच्या आजोबांकडून आलंय."

हा हसला. त्याला वाटलं विनोद केला. आणि मासिकात छापलं की कंपनीनं 'आखाजी' नावाची स्वतःची प्रणाली विकसित केली आहे, ती वर्षातून एकदाच चालवावी लागते, तरी निकाल अचूक. ताईंनी ते वाचलं आणि इतक्या हसल्या की ठसका लागून पाणी द्यावं लागलं. मला मात्र हसू आलं नाही, कारण फोन मी उचलते.

आता ही आखाजी काय भानगड आहे ते सांगते. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. इतरांचा तो सोनं घ्यायचा दिवस. आमच्या तापीकाठच्या लोकांचा तो माहेरवाशिणींचा, झोक्यांचा, पत्ते कुटण्याचा आणि सालदारांचा. शेतावर वर्षाच्या बोलीनं राहणारा गडी म्हणजे सालदार. त्याचं साल आखाजीला संपतं, आखाजीलाच सुरू होतं. राहायचं की दुसऱ्या मालकाकडे जायचं, ते त्या दिवशी. मधे कुणी कुणाचा गडी फोडत नाही.

ताई वाढल्या नेपानगरला. घराणं भुसावळकडचं, वडील बाबुराव कागदाच्या कारखान्यात. पण सुट्टी आली की आजोळी, फोपनारला, केळीच्या बागेत. तिथं आजोबांच्या घरची एक वेगळीच रीत होती. आखाजीला सालदार जेवायला बसला की पहिली पुरणपोळी आजी वाढायची. दुसरी पोळी आजोबा स्वतः घेऊन यायचे. गड्यानं ती पानात घेतली म्हणजे राहिला. पानावर हात आडवा धरला म्हणजे चालला. आग्रह करायचा नाही. आपल्याकडे पोळी वाढायची आणि आग्रह करायचा नाही, यापेक्षा मोठी शिक्षा यजमानाला असू शकते का? पण आजोबा म्हणायचे, ज्या माणसाला 'जातो' म्हणायची लाज वाटते, त्याच्याकडून ते बोलून घेऊ नये.

ताई लहान असताना त्यांचा लाडका सालदार लोटू, त्यानं एकदा हात आडवा धरला. ताई तिथंच भोकाड पसरून रडल्या. आजोबांनी पोळी निमूटपणे परत नेली, लोटूला नवं धोतर दिलं आणि त्याच्या बरोबर चालत नव्या मालकाच्या बांधापर्यंत गेले. तिथं म्हणाले, "याले सकाळी गुळाचा चहा लागतो. नाही दिला तर बोलत नाही, पण काम बिघडवतो." पुढच्या आखाजीला लोटू परत आला. चहा मिळत होता म्हणे, पण गुळाचा नव्हता.

हे सगळं ताई विसरून गेल्या होत्या. इंदूरला इंजिनिअर झाल्या, पुण्याच्या मोठ्या कंपनीत मोठ्या पदावर गेल्या, हाताखाली मजलाभर माणसं. मग एक दिवस राजीनामा दिला, तर अर्ध्या तासात लॅपटॉप काढून घेतला, गळ्यातलं कार्ड काढून घेतलं आणि एक सुरक्षारक्षक त्यांना फाटकापर्यंत सोडून आला. जेवणाचा डबा आतच राहिला. भेंडीची भाजी होती. ताई अजून सांगतात, नोकरीचं दुःख झालं नाही, पण त्या भेंडीचं काय झालं असेल याचा विचार करत मी रिक्षात रडले. आणि रडता रडता त्यांना लोटूचं धोतर आठवलं.

म्हणून आमच्या कंपनीत नोटीस नाही, करार नाही, आखाजी आहे. त्या दिवशी दुपारी मागच्या अंगणात, एरवी ऑफिसात चहा करणारी रंभाबाई खापरावर पुरणपोळ्या करते. खापर म्हणजे पालथी घातलेली मातीची परात, त्यावरची पोळी ताटाबाहेर लोंबते. एक खाल्ली की माणूस भिंत शोधतो. दुसरी खायला खरोखरच निष्ठा लागते. आम्ही सगळे ओळीनं बसतो आणि ताई एकेकाच्या पुढे दुसरी पोळी धरतात.

ही रीत आमच्या प्रतिस्पर्ध्यालाही मान्य आहे. तो प्रकाश. रस्त्याच्या पलीकडे त्याचं ऑफिस, देडतलाईकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, आवाज असा की फोनची गरज नाही. त्याच्या वायरी काळ्या, आमच्या पिवळ्या, आणि दोन्ही त्याच खांबांवर. केळीचा ट्रक माल भरून उंच झाला की गल्लीतून जाताना दोन्ही तोडून नेतो. ज्याचा माणूस आधी पोचेल त्यानं दोन्ही जोडायच्या, असं ठरलेलं आहे. बाकी भांडण भरपूर. त्यानं फलक लावला, 'सबसे तेज'. ताईंनी समोर लावला, 'हमारा नेट भी बंद होता है, पर हम फोन उठाते हैं'. हा फलक लागल्यापासून मला श्वास घ्यायला फुरसत नाही, पण गिऱ्हाईक वाढलं हे मान्य करावं लागेल.

ललितनं स्पर्धेबद्दल विचारलं तेव्हा ताई म्हणाल्या होत्या, "प्रकाश बुडाला तर माझ्या वायरी कोण जोडणार?" हे वाक्य त्यानं छापलंच नाही. त्याला ते धंद्याचं वाटलं नसावं.

एका आखाजीला तर आमच्या उमेशनं घोटाळा केला. उमेश म्हणजे आमचा सगळ्यात हुशार गडी, खांबावर असा चढतो की खालचे लोक काम सोडून बघतात. ताईंनी दुसरी पोळी पुढे केली आणि यानं हात आडवा धरला. ताईंचा चेहरा उतरला, पण रीत म्हणजे रीत. पोळी परत नेली, नवा शर्ट दिला. तो बिचारा शर्ट घेऊन खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रकाश हार घेऊन दारात हजर. "उमेशभाऊ, चला आपल्याकडे."

उमेश म्हणाला, "काबरं?"

"तू काल पोळी नाही घेतली ना?"

"अरे यार, माझी दाढ दुखून राहिली होती!"

तो हार शेवटी रंभाबाईनं देवाला घातला. शर्ट उमेशनं परत दिला नाही.

असं आमचं चाललं होतं, आणि ती मुलाखत वाचून हैदराबादच्या एका बड्या कंपनीचे साहेब आले. बरोबर दोन कोट घातलेली मुलं, बुऱ्हाणपूरच्या उन्हात कोट! साहेबांना आखाजी चालवून बघायची होती. ताईंनी समोर मावा जलेबी ठेवली आणि सगळं सांगितलं, आजोबा, लोटू, धोतर, भेंडी. साहेब आधी हसले, मग जलेबी संपवून म्हणाले की प्रणाली नको, तुम्हीच या. सगळ्या विभागाची प्रमुख करतो. इंदूरला बसा. 'जोडणी' आमच्यात मिळवून टाकू, माणसांना सांभाळून घेऊ.

हे मला कसं कळलं? ताईंच्या खोलीची भिंत प्लायवूडची आहे आणि माझे कान चांगले आहेत.

ताई म्हणाल्या, आखाजीनंतर सांगते. आणि त्यानंतर कुणाला काही बोलल्या नाहीत. मी रोज वाट बघायची, आज सांगतील, उद्या सांगतील. त्या नुसत्या खिडकीशी उभ्या राहून खांबावरच्या वायरी बघायच्या. मला राग येत होता आणि रागाच्या खाली भीती होती. माझी नोकरी गेली असती असं नाही. पण शनवाऱ्याचं ऑफिस बंद होणार, हे कळायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. फोन हैदराबादहून एखादं मशीन उचलणार, एक दबाइए, दो दबाइए. आणि ताई नसणार. मला ताई हव्या होत्या. एवढंच होतं ते.

दुसरीकडे, मोठं काम होतं. असं बोलावणं पुन्हा येत नाही, हे मलाही कळत होतं. पुण्यातून ज्या गेटाबाहेर काढलं, तसल्याच गेटातून आता मोटारीनं आत जायचं. कुणाला नको वाटेल?

प्रकाशला कुणकुण लागली. त्याचा फोन आला, आवाज प्रथमच खालचा.

"योगिताताई, तुमची बाई जाऊन राहिली का?"

"तुले काय करायचं?"

"ती गेली तर ते हैदराबादवाले मले एका महिन्यात गिळतील. आणि ते नाही गिळले तरी मी भांडू कोणासंगे?"

मी फोन आपटला. मला रडू आलेलं त्याला कळायला नको होतं.

आखाजी आली. अंगणात पट्ट्या अंथरल्या, आमरसाच्या वाट्या, तळलेल्या कुरडया. ताई नेहमीसारख्या पदर खोचून दुसरी पोळी घेऊन निघाल्या. उमेशनं पोळी दोन्ही हातांनी घेतली आणि ओरडून सांगितलं, "दाढ चांगली आहे!" सगळे हसले. ओळीतल्या प्रत्येकानं घेतली. मीही घेतली, निम्मी गाईला द्यावी लागणार हे ठाऊक असून.

नेहमी एवढं झालं की ताई आत जाऊन एकट्या जेवतात. आजोबाही तसंच करायचे. आजवर मालकाला दुसरी पोळी कुणी वाढली नव्हती, कारण मालक कुठे जाणार?

मी उठले. माझं पान उचललं, जागा पुसली आणि म्हटलं, "ताई, बसा."

"मी नंतर..."

"बसा म्हटलं ना."

माझा आवाज तक्रारीच्या फोनवरचा निघाला असणार, कारण त्या बसल्या. पहिली पोळी मी वाढली. त्यांनी ती एवढी सावकाश खाल्ली की तेवढ्यात आमरसावर साय धरेल असं वाटलं. सगळ्यांचे हात थांबले होते. उमेशनं कुरडई तोंडात धरून ठेवली होती, चावली तर आवाज होईल म्हणून.

मग मी रंभाबाईच्या खापरावरून दुसरी पोळी उचलली, तशीच हातावर, आणि ताईंच्या पुढे धरली.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. कळलं त्यांना, मला सगळं माहीत आहे. त्यांचा हात उचलला गेला, पानाच्या वर आला आणि मधेच थांबला. ना आडवा, ना बाजूला.

"अर्धी वाढ," त्या म्हणाल्या.

"अर्धी म्हणजे काय, सहा महिने का?" उमेश पुटपुटला.

"अर्धी रीतीत नाही," मी म्हटलं.

"योगिता, मला जावंसंही वाटतंय गं."

"वाटू दे. मी कुठे आग्रह करतेय? रीत मला माहीत आहे." माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. "पण पोळी खापरावरची आहे ताई. हात भाजतोय माझा. काय ते लवकर सांगा."

ताई आधी हसल्या. मग त्यांचा हात पानावरून बाजूला झाला. मी पोळी अशी टाकली की अर्धी उमेशच्या मांडीवर गेली.

मी तूप वाढत असताना त्या हळूच म्हणाल्या, "पुण्यात सगळ्यांनी विचारलं होतं, कधी जाणार. राहतेस का, हे कुणी विचारलंच नव्हतं."

माझ्या हातून तूप जरा जास्त पडलं.

तेवढ्यात आत तक्रारींचा फोन वाजला. सणाच्या दिवशीसुद्धा! मी भाजलेला हात झटकत आत गेले, चार शब्द सुनवायच्या तयारीनं. पलीकडून प्रकाश बोलत होता. मी काय करणार आहे ते आदल्या रात्री मी फक्त त्यालाच सांगितलं होतं.

"योगिताताई, खाल्ली का बाईनं दुसरी?"

"खाऊन राहिली."

तिकडून मोठा सुस्कारा ऐकू आला आणि मग कुणाला तरी हाक. "ए, वाढ आता पान. भूक लागली मले."