शेणाचं विरजण

आमच्या घरच्या माणसाला निवृत्तीनंतर शेतीची हौस आली. बुलढाण्याच्या कचेरीत हयात गेलेली, त्यामुळे हौसही कचेरीच्या शिस्तीनेच आली. धामणगाव बढ्याजवळच्या वाटणीच्या तुकड्यावर आम्ही राहायला गेलो, तेव्हा सोबत थोडं पडीक रान आणि एक गाय होती. सासूबाईंच्या गायीची ही शेवटची कालवड, आता तीही म्हातारी झालेली. यांचा सगळा जीव तिच्यात.

तिच्या अंगावर गोचीड दिसला की यांच्या अंगावर काटा यायचा. डॉक्टरांनी एकदा औषध लिहून दिलं होतं. यांनी ते दर अमावस्येला द्यायचं ठरवून टाकलं, गोचीड असो वा नसो. शिवाय गाय नजरेसमोर हवी म्हणून खुर्चीसमोर, पडीकातल्याच लिंबाखाली तिचा खुंटा कायमचा ठोकला. इतकं प्रेम मला झेपलं नसतं, गायीने झेललं.

पडीकाचे मात्र हाल झाले. जमीन स्वयंपाकघराच्या ओट्यासारखी टणक. तिच्यावर शेणाचे पो पडले की पडूनच राहायचे. वाळायचे, खाली गवत पिवळं पडायचं. यांना त्यातही कौतुक. म्हणायचे, "पाहा, सगळं जिथल्या तिथं आहे."

माझे भासरे, म्हणजे यांचे मोठे भाऊ, गावाच्या दुसऱ्या टोकाला शेतातच राहतात. त्यांची गुरं आज इथे, उद्या तिथे चरतात. शेण पडलं की काळे भुंगे जमतात, गोळ्या करून जमिनीत पुरतात, आणि दोन-चार दिवसांत शेणाचा नुसता भुगा उरतो. उन्हाळाभर आमच्या गायीने त्यांचाच कडबा खाल्ला होता. आषाढात ते आमचं पडीक पाहून गेले आणि जाताना म्हणाले, "पोळ्यापर्यंत इथं गवत नाही आलं, तं गाय बाजारात. माह्या ढोरायलेच पुरून नाही राह्यला कडबा."

त्या दिवशी हे जेवले नाहीत. मी चेष्टा केली नाही, यावरून काय ते समजावं.

दुसऱ्या दिवशी गुरांचे डॉक्टर आले. शेण काठीने उलटून म्हणाले, "यात एकही किडा नाही, मग जमीन पोखरून भुसभुशीत करणार कोण? औषध शेणात उतरतं, त्यात त्यांची पिल्लं जगत नाहीत. गरज असेल तेव्हाच द्या, आणि दिल्यावर काही दिवस गाय पडीकात सोडू नका." एकच जागा तुडवली जाऊ नये म्हणून खुंटाही रोज हलवायला सांगितला. यांचा चेहरा साहेबाने फाईल परत पाठवल्यासारखा झाला.

मी म्हटलं, "दही बिघडलं की आपण विरजण मागून आणतो. भावाकडून किड्यांचं शेण आणा, लाज कसली?"

लाज होतीच. म्हणून हे अंधार पडल्यावर घमेलं घेऊन गेले. दारात माझी थोरली जाऊ दिवा लावून उभी. तिने पदराआडून हसत सांगितलं, "भाऊजी, दिवेलागण झाली. आता लक्ष्मी घराबाहेर नाही देत मी. सकाळी या."

"वहिनी, शेण तं पाहिजे मले."

"हाव, तेच म्हणून राह्यली मी. लक्ष्मीच आहे ते."

हे रिकामं घमेलं घेऊन परतले. दिवेलागणीनंतर आमच्याकडेही कुणाला विरजण मिळत नाही, तेव्हा बोलायला तोंड नव्हतं.

सकाळी लख्ख उजेडात, स्कूटरवर पायांमध्ये घमेलं, त्यावर माझ्या लुगड्याचा ओला तुकडा, अशी स्वारी भर गावातून आली. स्टँडवर कुणीतरी विचारलं, "साहेब, काय नेऊन राह्यले?" हे म्हणाले, "सामान." तेवढ्यात एक सामान कॉलरवर चढलं.

किडे कदाचित आपणहून उडत आलेही असते, पण तसं म्हणायची घरात कुणाची हिंमत नव्हती. औषध बंद झालं, खुंटा रोज हलू लागला. हळूहळू शेणाला भोकं दिसली, पाणी जमिनीत मुरू लागलं.

पोळ्याला भासरे आले. घरी बैलांची पूजा बाकी ठेवून आधी आमच्या पडीकात गेले. काठी टेकवली, ती बोटभर आत गेली. कोवळ्या गवतावरून हात फिरवून म्हणाले, "राहू दे तुही गाय. पण माहे किडे वापस कर."

हे हसले, आणि मग डोळे पुसायला उगाच गोठ्यात गेले.

आता गोचीड हाताने वेचतात. रोज सकाळी चष्मा चढवून, कानामागे, गळ्याखाली, एकेक शोधून. गाय यांच्या खांद्यावर मान टाकून डोळे मिटते. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या केसांकडे या माणसाने कधी वळून पाहिलं नाही. परवा मी चहा घेऊन गेले, तर बोट ओठांवर ठेवून म्हणाले, "हळू ये. आत्ताच झोपली."